कनातीबाहेरचा पिक्चर

२२ नोव्हेंबर

समीक्षा पिक्चर काढणार आहे. कराड-मलकापुरात पिक्चर न काढणारा माणूस आता दिवा घेऊन शोधावा लागेल. गेल्या वर्षी एका प्लॉटिंगवाल्याच्या जावयाने काढला. जावईच हिरो, जावईच गाणारा, आणि पहिल्या खेळाला सगळी जावयाचीच माणसं. दुसऱ्या खेळाला तीही नव्हती.

ही पोरगी तशी कामाची. माण तालुक्यातली, दहिवडीच्या अलीकडच्या खेड्यातली, आमच्यासारखीच मेंढरामागच्या घरातली. आमच्या कार्यालयात लग्नाच्या शूटिंगला दिवा धरायला आली होती. हळदीत बायकांमध्ये पुरुष कॅमेरावाला नको म्हणून एका दिवशी तिच्या हातात कॅमेरा दिला, तो तिने पुन्हा खाली ठेवलाच नाही. शिकवलं कुणी नाही. मोबाईलवर बघून एडिटिंग शिकली. एक गोष्ट मान्य करतो. बाकीचे शूटिंगवाले वधूच्या आईला दोन-दोनदा रडायला लावतात. ही कुणाला पुन्हा करा म्हणत नाही. रडू जिथं येणार असतं तिथं आधीच जाऊन उभी राहते.

पण म्हणून काय पिक्चर काढता येतो? पोळ्या चांगल्या लाटते म्हणून कुणी साखर कारखाना काढत नाही.

संध्याकाळी आली आणि म्हणाली, "आप्पा, कथा लिवलीया. वाचून दावू?"

"मी वाचत न्हाई आन् बघत न्हाई," मी म्हणालो. "मी ऐकतो. उद्या ये."

हे सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहून ठेवतो. नानासोंच्या तंबू टॉकीजला मी दारावर होतो. सातारा-सांगलीची एक जत्रा सोडली नाही. पडद्याकडे तोंड करून बसणारी ती गिऱ्हाइकं. मी कनातीबाहेर उभा राहून आतली माणसं ऐकायचो. खोकला वाढला की पकड सुटली. आगपेट्या वाजायला लागल्या की गाणं लांबलं. म्हाताऱ्यांनी नाकं शिंकरली की पिक्चर पास, शिट्ट्या झाल्या तर दोन जत्रा जास्त. खेळ सुटायच्या आत मी नानासोंना सांगायचो, रिळांची पेटी पुढच्या गावाला न्यायची का परत लावून द्यायची. एकदाही चुकलो नाही. पिक्चर मात्र एकही आत बसून बघितला नाही, आजतागायत. हलवाई पेढे खात नाही. त्याच कानांवर पुढे मंडप, जनरेटर, भांडी आणि हे कार्यालय उभं राहिलं.

२३ नोव्हेंबर

ऐकली. डोळे मिटून ऐकली.

एक बाई. नवरा मुंबईला मार्केटात ओझी उचलतो. बाई एकटी मेंढरं घेऊन माणातून खाली उसाच्या मुलखात उतरते. इथवर ठीक. मग ती बाई तोंड उघडते. माळावर उभी राहून म्हणते, "हे निसर्गा, तुझी ही क्रूरता मी किती काळ सोसू?"

मी डोळे उघडले. "ही मेंढरामागची बाई हाय का शाळंतली बाई?"

"टीव्हीवर असंच बोलत्यात, आप्पा."

"टीव्हीवरच्या बायका नथ घालून झोपत्यात. तुझी आय माळावर काय म्हणायची?"

जरा विचार करून म्हणाली, "हुर्र."

"मग तेवढंच लिव."

कागद गोळा करून ती स्वयंपाकघरात गेली. माझी बोलणी खाल्ली की ती आत अंबूबाईजवळ जाऊन बसते. आमच्या हिचा जीव आहे तिच्यावर. पण त्या आत काय बोलतात कळत नाही. मी दोनदा कान दिला. आत बोलण्याचा आवाजच नसतो. बायका नुसत्या समोरासमोर बसून चहा कशा पितात, हे एक नवल आहे.

२ डिसेंबर

कथेचा दुसरा खर्डा. आता त्यातला प्रत्येक माणूस शिव्या देतो. मेंढपाळ देतो, ऊसवाला देतो, एसटीचा कंडक्टर देतो. पोरगी बाजारात बसून लोकांचं बोलणं टिपून आणते म्हणे. फार मोठी विद्या सापडल्यासारखी सांगत होती.

एक शिवी ऐकून मी थांबवलं. "ही कुठनं उचललीस? अशी शिवी कोण देत न्हाई."

"तुमचीच हाय, आप्पा. वांग्याची भाजी करपली तवा आचाऱ्याला दिलेली."

मी म्हणालो, शिवी मिठासारखी असते, मुठीने घालायची नसते. तिने तेही लगेच मोबाईलवर टिपलं. मी बोललो की ती टिपते. एवढं ज्ञान फुकट वाटणारा माणूस तिला कराडात दुसरा मिळणार नाही.

५ डिसेंबर

अंबूबाईचा भाऊ धुळा मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या उसात उतरलाय. तोडणी झालेल्या रानात त्याचा मेंढरांचा वाडा बसलाय. मेंढरं रात्रभर बसली की रानाला खत मिळतं, रानवाला धान्य देतो. अंबूबाई म्हणाली, धुळाच्या बायकोचं गुडघं धरलंय, मेंढरामागं माणूस न्हाई, मी चार दिस जाऊन येऊ का?

मी म्हणालो, "ह्या वयात मेंढरामागं? लोक काय म्हणतील, कार्यालयवाल्याची बायको काठी घिऊन फिरतीया."

"हं," ती म्हणाली.

ती कमी बोलते. लग्न झाल्यापासून. मी बोलतो आणि ती हं म्हणते. संसाराला तेवढं पुरतं. जास्त बोलणाऱ्या बायकांचे नवरे कार्यालयात माझ्याशी बोलत बसतात, घरी जात नाहीत.

१० डिसेंबर

नानासोंचा राजवर्धन आला होता. सांगलीचं पोरगं, पण ऑफिस पुण्यात. पिक्चरची कंपनी काढलीय. पायात तीन रंगांचे बूट. समीक्षाने तिची कथा मोबाईलवरून त्याला धाडली होती, ती वाचून आला.

खुर्चीवर बसून त्याने हवेत त्रिकोण काढला. "ताई, कथेत जीव आहे. पण स्ट्रक्चर नाही. पहिल्या दहा पानांत काहीतरी घडायला हवं."

"मेंढरामागं पहिल्या दहा कोसांत काय घडत न्हाई," मी म्हणालो. "पाय दुखत्यात फकस्त."

तो हसला. पुण्यात जाऊन हसायला पण शिकून येतात, आवाज न करता. मग मुद्द्यावर आला. कथा कंपनी घेणार. पडद्यावर 'कथा: समीक्षा' असं नाव येणार. डायरेक्टर मात्र त्यांचा, परदेशात शिकून आलेला.

समीक्षा म्हणाली, "डायरेक्शन मी करणार."

"ताई, पिक्चर म्हणजे लग्नाची कॅसेट नाही."

"म्हाईत हाय. कॅसेट कवाच बंद झाल्या."

हे उत्तर मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. शेवटी राजवर्धननेच तोड काढली. तिने पिक्चरचा एक तुकडा स्वतः शूट करायचा. पौषात कार्यालय मोकळं असतं, तेव्हा इथं भिंतीवर लावायचा, साध्या माणसांना दाखवायचा. चालला तर डायरेक्टर ती. पडला तर तिने कथा मुकाट्याने देऊन टाकायची.

"आणि चालला का पडला ते आप्पा ठरवणार," तो म्हणाला. "पप्पा सांगतात, ह्या माणसाच्या कानावर आमचा तंबू उभा होता."

समीक्षाने माझ्याकडे बघितलं. मग "चालंल" म्हणाली.

न चालून सांगते कुणाला? पंच माझ्यापेक्षा चांगला कुठून आणणार?

१८ डिसेंबर

तिसरा खर्डा. ज्या तुकड्याचं शूटिंग करणार तो वाचला. आता शिव्या गेल्या, निसर्ग गेला, सगळंच गेलं.

बाई रानातल्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीजवळ बसलीय. तिथं तिचा मोबाईल चार्जिंगला लावलाय. मुंबईहून नवऱ्याचा फोन येतो. तो म्हणतो, जत्रेला येणं जमायचं न्हाई. बाई म्हणते, हं. तो म्हणतो, मेंढरांचं गिऱ्हाईक बघितलंय, सगळीच्या सगळी इकून टाकू. बाई म्हणते, हं. तो म्हणतो, तू पण ये हिकडं, खोली बघतो. हं. असं चाललंय. तो फोन ठेवतो. बाई उठते आणि मेंढरांकडं जाते. खेळ खलास.

"हिचा डायलॉग कुठाय?" मी विचारलं.

"ह्योच हाय, आप्पा. परत्येक हं येगळं हाय."

"हं ते हं. त्यात येगळं काय? तंबूत असली बाई लावली असती तर लोकांनी कनात फाडली असती."

अंबूबाई चहा घेऊन आली. म्हटलं, बाईमाणसालाच विचारावं. "तू सांग गं. नुसतं हं हं करणारी बाई पैसं टाकून कोण बघंल?"

ती कप खाली ठेवत म्हणाली, "हं."

समीक्षा मान खाली घालून हसायला लागली. मी म्हणालो, "बघ, हिला पण पटलं."

२७ डिसेंबर

अंबूबाई गेली धुळाच्या वाड्यावर. शेवटी मीच जा म्हणालो. रोज हं म्हणून विचारायची, विचारतेय असं वाटू न देता. समीक्षाचं शूटिंगही त्याच शिवारात आहे, तेव्हा सोबत झाली.

समीक्षाला विचारलं, "हिरॉईन कोण धरलीस? सांगलीच्या नाटकातली का?"

"पडद्यावर बघा की, आप्पा."

"मी पडदा बघत नसतो."

"मग ऐका," म्हणाली.

नाटकातलीच असणार. चार दिवस उन्हात काढले की पळून जाईल, आणि ही बसेल माझ्या नावाने रडत.

लहान जनरेटर जाग्यावर नाही. बिरदेवला विचारलं. तो आमच्या जनरेटरवर आहे, खोटं बोलताना कान खाजवतो. कान खाजवत म्हणाला, वाढदिवसाला गेलाय. कुणाचा वाढदिवस इतके दिवस चालतो?

३ जानेवारी

अंबूबाई आली. काळी ठिक्कर पडून आली. टाचांना भेगा, लुगड्याला कुसळं, अंगाला मेंढराचा वास. म्हणालो, बघितलंस, ह्या वयात झेपतंय का? भाकरी थापताना एकटीच हसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मेंढरू आठवलं एक."

मेंढरू आठवून हसणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

आचारी, वाढपी, बिरदेव, सगळे आज उगाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन जात होते. बिरदेव म्हणाला, "काकी लय झ्याक दिसत्यात." त्याला कामाला लावला.

१२ जानेवारी, रविवार

आज दाखवला.

भिंतीवर पांढरं कापड लावलं होतं. आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका, शेजारपाजारचे, धुळाकडची पाच-सहा माणसं, रिक्षावाले. हॉल चांगला भरला. अंबूबाई मागच्या बाजूला बायकांत जाऊन बसली. राजवर्धन पुण्यात होता. म्हणाला, आप्पांचा फोन आला की झालं. मी नेहमीप्रमाणे दाराबाहेर. दार ओढून घेतलं, पाठ लावली, डोळे मिटले.

सुरू झाल्या झाल्या आत एकदम मोठा श्वास घेतल्यासारखं झालं. सगळ्यांनी मिळून जांभई दिल्यावर होतं तसं. कुणीतरी "आरं, ही तर" म्हणालं आणि त्याला कुणीतरी गप केलं. मग काही नाही.

काही म्हणजे काहीच नाही. मेंढरांचा आवाज, घंटा, वारा. मग मोटारीच्या पेटीचा तो खटका. मग नवऱ्याचं बोलणं, आणि बाईचं हं. हं. हं. मला तर ऐकूनच पेंग आली. सांगलीच्या नाटकातली असेल तर फुकट गेली, आवाजात दम नाही, घरात बोलल्यासारखं बोलते.

लोकांमध्ये शिट्टी नाही, हसणं नाही, टाळी नाही. आगपेटी नाही, पण कार्यालयात विडी ओढू देत नाही, म्हणून ते सोडलं. खोकला नाही. थंडीत एवढी माणसं कोंडली आणि एक खोकला नाही! लेकुरवाळ्या बायका होत्या, एक लेकरू रडलं नाही. लघवीला कुणी बाहेर आलं नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात तंबू एवढा गार एकदाच ऐकला होता. जत्रेच्या शेवटच्या दिवशी सगळे दमून झोपले होते तेव्हा.

संपल्यावरही कुणी उठेना. मीच दार उघडलं. माणसं एकेक करून बाहेर पडली, ती माझ्या तोंडाकडं बघेनात. खाली मान घालून जात होती. लोक चांगले असतात. मालकाच्या जागेत पिक्चर पडला तर त्यांनाच लाज वाटते.

बिरदेव डोळे पुसत आला. "आप्पा, काय सांगू, लय..."

"माहिताय," मी म्हणालो. "जनरेटरचा धूर लागतोय, पुढं हो."

समीक्षा कापड गुंडाळत होती. तोंडावर सांगायला जीव होईना. पोरगी कष्टाळू आहे.

१३ जानेवारी

राजवर्धनला फोन केला. खरं ते सांगितलं. "पडला. लोक मेल्यागत गप. बाई नुसती हं हं करतीया."

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "शुक्रवारी कागद घेऊन येतो."

समीक्षाला निरोप दिला. "बरं" म्हणाली आणि एका बारशाच्या शूटिंगला निघून गेली. कमाल आहे. मला वाटलं भांडेल.

अंबूबाईला म्हणालो, "पडला गं तुझ्या समीक्षाचा पिक्चर. ती नाटकवाली बाई एकदम फालतू निघाली. असली बाई आपल्या मुलखात कोण ऐकून घील?"

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाली नाही.

१५ जानेवारी

काल दिवसभर आणि आज दिवसभर अंबूबाईने हं म्हटलेलं नाही. मी बोलतो, ती बघते. पाण्याची मोटर बिघडली सांगितलं, बघितलं. पाहुणे येणार आहेत सांगितलं, बघितलं. घशाला काही झालंय का म्हणून काढा कर म्हणालो. केला, आणि माझ्यापुढे ठेवला.

घर फार मोठं वाटायला लागलंय. एका हं वर एवढं घर उभं होतं का? असले विचार मला येत नाहीत. काढ्याने आले असतील.

१७ जानेवारी

राजवर्धन कागद घेऊन आला. समीक्षा आली. कागद वाचला, पेन उघडलं आणि थांबली.

"आप्पा," म्हणाली, "तुमी पंच हाय. तुमी पडला म्हनला, मी कबूल. पर तुमी बघितला न्हाई."

"मी कवाच बघत न्हाई. ऐकतो."

"एकदा बघा. बघून मग पडला म्हना, तितंच सही करती. राजवर्धनदादा हायतच साक्षीला."

राजवर्धन म्हणाला, "बघू या की, वीसच मिनिटं आहेत." त्याला पुण्याला परतायची घाई होती.

माझ्याच कार्यालयात, माझ्याच भाड्याच्या खुर्चीवर मी पिक्चर बघायला बसलो. बिरदेवने दिवे घालवले. तो माझ्या मागेच उभा राहिला.

पडद्यावर एक बाई पाठमोरी चालत होती. पुढे मेंढरं. चाल बघून मला वाटलं, ही डावा पाय जरा दाबून टाकते, आमच्या हिच्यासारखी. माणातल्या बायका सगळ्या अशाच चालतात, असंही वाटलं. मग ती वळली.

अंबूबाई होती.

मी उठलो. बिरदेव म्हणाला, "बसा, आप्पा." मी बसलो. माझा नोकर मला माझ्या जागेत बस म्हणाला आणि मी बसलो, हे लिहून ठेवतो.

पुढचं काय लिहू. ती मोटारीच्या पेटीजवळ बसली. फोन आला. तो म्हणाला जत्रेला येत न्हाई, आणि ही हं म्हणाली. ते हं मी ओळखतो. तो म्हणाला मेंढरं इकू. हं. तेही ओळखतो. तो म्हणाला खोली बघतो. हं. त्यातलं एकही हं तिने पिक्चरसाठी केलेलं नव्हतं. सगळी आमच्या घरातली होती. कुठलं कधीचं, ते इथं लिहीत नाही. बाहेर दाराला पाठ लावून मी तीच ऐकली होती आणि बाईच्या आवाजात दम नाही म्हणालो होतो. सातारा-सांगलीच्या सगळ्या जत्रांमधला खोकला ओळखणारा माणूस मी. स्वतःच्या बायकोचा आवाज भिंतीपलीकडून ओळखला नाही. शहाण्याने माझ्या तोंडावर थुंकावं.

शेवटी ती उठून मेंढरांकडं जाते. मी ऐकलं तेव्हा तिथं काहीच नव्हतं. तिथं ती एका मेंढीच्या कपाळावर हात ठेवते आणि बघत उभी राहते. एवढंच आहे. मी खोकलो नाही. राजवर्धनही खोकला नाही. त्याचा मोबाईल मांडीवर वाजत होता, त्याला दिसला नाही.

दिवे लागले.

समीक्षा म्हणाली, "आप्पा, आता म्हना."

मी म्हणालो, "राजवर्धन, त्या दिवशी मी चुकलो. माणसं गप होती, ती झोपली न्हवती. मला दोन्हीतला फरक कळंना."

"म्हणजे तुमचा कान चुकला?"

"व्हय."

"पप्पांना सांगायला पाहिजे."

"सांग. त्यांचं कान बसल्यात, दोनदा सांग."

तो तसा वाईट नाही. खरंच हलला होता. पण पुण्याचा माणूस हलला तरी कागद सोडत नाही. म्हणाला, "आप्पा, काकू ग्रेट आहेत. पण आता तुमचं मत कसं धरायचं? घरचीच बाई निघाली. एकदा पडला म्हणालात, आता चालला म्हणता. आपण मधला मार्ग काढू. हा सीन असाच ठेवू, काकूंच्या जागी नाव असलेली नटी घेऊ, डायरेक्टर आमचा, ताईंना सेटवर सल्लागार म्हणून..."

"पंचानं निकाल दिलाय, दादा," समीक्षा म्हणाली. तिने पेनचं टोपण लावलं, कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "ह्यो तुमचा."

तो गेला. जाताना स्वयंपाकघराच्या दारात वाकून अंबूबाईच्या पाया पडला. तेवढं नानासोंचं रक्त आहे त्याच्यात.

मी दारात उभा राहिलो. अंबूबाई चपात्या लाटत होती. म्हणालो, "मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

असा उलटा सवाल तिने बऱ्याच वर्षांनी केला.

२० जानेवारी

समीक्षाला बोलावलं. म्हणालो, पुण्यावाल्याची गरज नाही. पिक्चर म्हणजे लांबलेलं लग्न. मंडप माझा, जनरेटर माझा, गाड्या माझ्या, आचारी माझा, रुसणाऱ्यांची समजूत घालायची सवय माझी. तू डायरेक्टर, मी प्रोड्युसर. फक्त शेवटाला एक गाणं टाकू, आणि तो नवरा शेवटी परत आला तर...

"सामान द्या, आप्पा," ती म्हणाली. "तुमी घरात परत आलात तर नवरा येईल, पर पिक्चरात न्हाई."

हे काय बोलली ते मला रात्री जेवताना कळलं.

पुढं म्हणाली, "प्रोड्युसर नगं. मला आवाज धराय माणूस पायजे. लग्नात बँड असतो, आवाजाचं कोण इचारत न्हाई, म्हणून माझं तेच कच्चं हाय. तुमचं कान चांगलं हायत. तुमी फकस्त लांब हुबं ऱ्हाता."

ह्या वयात हाताखाली काम करायचं, आणि तेही हळदीला दिवा धरणाऱ्या पोरीच्या! मी साफ नाही म्हणालो.

२१ जानेवारी

हो म्हणालो.

२६ फेब्रुवारी

लग्नं संपली की एक दिवस, पुन्हा लग्नं की थांबायचं, असं शूटिंग चाललंय. असल्या पद्धतीने पिक्चर पुरा व्हायला नातवंडं यावी लागतील. लांब काठीला माइक लावून मी उभा असतो. खांदे गेले. समीक्षा मला चारचौघांत "आप्पा, काठी खाली आलीया" म्हणते. बिरदेव दात काढतो. धुळा आल्या-गेल्याला सांगतो, दाजीला पुन्हा मेंढरामागं आणला.

४ मार्च

आज तोच मोटारीच्या पेटीचा तुकडा पुन्हा घेतला. पहिल्या वेळी आवाजात लांबचा ट्रॅक्टर आला होता म्हणे. मी भिंतीपलीकडे ऐकला तेव्हा मला कुठं कळला?

कानांवर हेडफोन. काठी अंबूबाईच्या डोक्यावर, पडद्यात दिसणार नाही एवढी वर. मी तिच्यापासून दोन हातांवर. बाकीचं सगळं शिवार गेलं, फक्त ती कानात राहिली. तिच्या बांगड्या. पदर सारखा केला तो आवाज. बोलायच्या आधी ती श्वास घेते आणि जरा थांबते, हे मला माहीत नव्हतं. त्या थांबण्यात ती काहीतरी बोलायचं ठरवते, आणि मग ते न बोलता हं म्हणते. प्रत्येक वेळी. मी घरात त्या थांबण्याच्या आतच पुढचं बोलायला लागलेलो असणार.

संपलं. मेंढरं पांगली. समीक्षा माझ्याकडे बघत होती, मला ते कळलं नाही.

"आप्पा, आवाज आला का?"

माझ्या तोंडून "हं" निघालं.

"आला का न्हाई? सांगा की!"

"हं."

पेटीजवळून अंबूबाई उठली, लुगडं झटकलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाली, "आवं, नुसतं हं म्हणून माणसाला काय कळतंय?"